फुलपाखरांची हजेरी

हजेरी या विषयावर आपल्यापैकी कोणालाही भाषण द्यायची गरज नाही. पंच्याहत्तर टक्के भरली नाही की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, मग घरी पत्र, मग वडिलांचा फोन, हा सगळा प्रवास आपण जवळून पाहिलेला आहे. प्रॉक्सी कोणाच्या लेक्चरला चालते आणि कोणाच्या नाही, हेही पहिल्याच सेमिस्टरला कळतं. मी मात्र गेलं दीड वर्ष एक वेगळीच हजेरी घेतो आहे. वर्ग एक किलोमीटर लांब आणि पाच मीटर रुंद. विद्यार्थी सहा पायांचे. नाव पुकारलं तर कोणी 'येस सर' म्हणत नाही, आणि ढग आले की अख्ख्या वर्गाचा मास बंक! या हजेरीतसुद्धा मी एकदा प्रॉक्सी लावली. ती गोष्ट पुढे येईलच. आधी हे वेड लागलं कसं ते सांगतो.

तुंगारेश्वरचा ओढा

दुसऱ्या वर्षाला असताना ऑक्टोबरमधल्या एका रविवारी आम्ही रूमवरचे चौघे तुंगारेश्वरला गेलो होतो. उद्देश अगदी साधा. धबधब्याचं उरलंसुरलं पाणी बघायचं, देवळात जायचं आणि येताना हायवेवर मिसळ खायची. ओढ्याच्या काठी ओल्या वाळूवर पिवळ्या-पांढऱ्या कागदाचे कपटे पडल्यासारखं काहीतरी दिसलं. एकाने "काय लोक आहेत, कचरा टाकतात" म्हणून पाय उचलला, आणि कपटे उडाले. फुलपाखरं होती ती! ओल्या मातीतले क्षार शोषायला, त्यातही सोडियम मिळवायला, ती अशी घोळक्याने बसतात आणि त्यात बहुतेक नर असतात, हे मला नंतर कळलं. थोडं पुढे खुळखुळ्याच्या झुडपांवर काळ्या पंखांवर फिकट निळे ठिपके असलेली फुलपाखरं इतकी लगडलेली होती की झुडूपच हलतंय असं वाटावं. ती ब्लू टायगर.

आमच्यातल्या मेकॅनिकलवाल्याने विचारलं, "एवढी येतात कुठून, आणि नंतर जातात कुठे?" कोणालाच सांगता येईना. मिसळ खाऊन झाली तरी तो प्रश्न काही पचला नाही. लायब्ररीत परीक्षेच्या पुस्तकांव्यतिरिक्त पहिल्यांदा काहीतरी शोधलं ते त्या आठवड्यात.

आपला पत्ता, फुलपाखरांच्या नकाशावर

आपण वसई-विरारला राहतो म्हणजे आपल्या दृष्टीने चर्चगेट लोकलच्या पट्ट्यात राहतो. फुलपाखराच्या दृष्टीने हाच पत्ता फार श्रीमंत आहे. पश्चिमेला समुद्र आणि त्याला लागून आगाशी, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल या बाजूच्या वाड्या. केळी, पानवेल, नारळ, चाफा, मोगरा आणि प्रत्येक घरामागे एखादं लिंबाचं नाहीतर कढीपत्त्याचं झाड. मध्ये मिठागरं, खाजण आणि खारफुटी. पूर्वेला महामार्ग ओलांडला की तुंगारेश्वरचा डोंगर. 2003 साली तो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्र सुमारे 85 चौरस किलोमीटर. दक्षिणेला वसईची खाडी, आणि खाडीच्या अलीकडे, म्हणजे आपल्याच बाजूला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला ब्लॉक नावाचा तुकडा. समुद्रसपाटीपासून डोंगरमाथ्यापर्यंतचा सगळा उतार अवघ्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये मावलेला आहे.

यातली बरीचशी हिरवळ आपोआप टिकलेली नाही. वसईच्या वाड्या, पाणी आणि मोकळ्या जमिनी वाचाव्यात म्हणून हरित वसईची चळवळ झाली. 'सुवार्ता'चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या चळवळीत पुढे होते. 2024 च्या जुलैत ते गेले. झाड दिसलं की "इथे किती मजल्यांची परवानगी मिळेल?" असा विचार करायला आपण सिव्हिलवाले शिकतो. त्याच झाडावर कोण राहतं, असा विचार करायला सिलॅबसमध्ये जागा नाही, म्हणून हा लेख.

येणं-जाणं म्हणजे नेमकं काय?

पक्ष्यांचं स्थलांतर सगळ्यांना माहीत असतं. फुलपाखरांचं स्थलांतर म्हटलं की लोक हसतात. दोन-चार आठवड्यांचं आयुष्य, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजन, हे कसलं स्थलांतर करणार! पण करतात. दक्षिण भारतात ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, डबल-ब्रँडेड क्रो आणि कॉमन क्रो (आपल्या मराठीत 'हबशी') ही चार फुलपाखरं दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास, नैऋत्य मोसमी पाऊस येण्याआधी, पश्चिम घाटातून पूर्वेकडच्या मैदानांकडे आणि पूर्व घाटाकडे निघतात. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उलट दिशेने प्रवास होतो. कारण समजायला अवघड नाही. पंखांचे स्नायू उन्हाने तापल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही. घाटमाथ्यावर आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, धारा लागलेल्या असतात, फुलांतला मध धुऊन जातो. तिथे अडकून पडण्यापेक्षा पावसाच्या सावलीत जाऊन राहिलेलं बरं. 

या विषयावर आपल्याकडे ज्यांनी मनापासून काम केलं त्यात डॉ. कृष्णमेघ कुंटे यांचं नाव आधी घ्यावं लागतं. 1997 साली त्यांचा उत्तर पश्चिम घाटातल्या चार प्रकारच्या अधिवासांमधल्या फुलपाखरांचा ऋतूनुसार अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या भागात फुलपाखरांची जत्रा पावसाळ्याच्या शेवटी आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला भरते, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आलं. कारण पावसावर झाडांना कोवळी पानं फुटतात, पानांवर सुरवंट वाढतात आणि त्यांची फुलपाखरं होऊन बाहेर पडतात तोवर गणपती-नवरात्र आलेलं असतं. 2000 साली त्यांचं भारतीय द्वीपकल्पातल्या फुलपाखरांवरचं पुस्तक आलं. त्यानंतर 2008 मध्ये आयझॅक किहिमकर यांचं भारतीय फुलपाखरांवरचं पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने काढलं. पण ही पुस्तकं हातात घेऊनही आमच्या मित्राचा प्रश्न उरतोच. तुंगारेश्वरला दिसलेले थवे आपल्याच डोंगरात जन्मले, की बाहेरून आले? दोन सकाळी फिरून हे कळत नाही. त्याला वर्षानुवर्षांची वही लागते.

मोजायचं कसं?

मला आधी वाटलं, यात काय, फिरायचं आणि मोजायचं. पहिल्या दिवशी मी मनाला येईल तसा फिरलो, जिथे जास्त दिसली तिथे जास्त थांबलो आणि 'भरपूर' असं लिहून आलो. सर्व्हेच्या सरांना वही दाखवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "भरपूर म्हणजे किती आरएल?" विषय संपला.

मग शोधताना पोलार्ड यांची पद्धत सापडली. ब्रिटनमध्ये अर्नी पोलार्ड या शास्त्रज्ञाने ती बसवली आणि 1976 पासून तिथे देशभर फुलपाखरांची मोजणी त्या पद्धतीने चालू आहे. पद्धत इतकी सोपी की आपण शर्यतीत कुठे कमी पडत असू तर ते फक्त नेटाने.

एक ठरलेली वाट घ्यायची. आठवड्यातून एकदा, त्याच वाटेने, एकसारख्या सावकाश चालीने जायचं. आपल्याभोवती पाच मीटरचा एक काल्पनिक डबा धरायचा, म्हणजे डावीकडे अडीच, उजवीकडे अडीच आणि समोर पाच. त्या डब्यात जे येईल तेच मोजायचं. डब्याबाहेर कितीही सुंदर फुलपाखरू दिसलं तरी ते गैरहजर! मागून आलेलं पुन्हा मोजायचं नाही. सोबत वेळ, तापमान, ढग किती (आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती झाकले आहेत) आणि वारा यांची नोंद करायची.

आमची वाट अशी: हॉस्टेलच्या फाटकापासून मेसच्या मागे, तिथून ग्राउंडच्या कडेने नाल्यापर्यंत, मग वर्कशॉपच्या मागची पडीक जागा आणि पुन्हा फाटक. टेप आणि रेंजिंग रॉड घेऊन आम्ही ती मोजली, एक किलोमीटरला थोडी कमी भरली म्हणून कॅन्टीनला वळसा घालून पुरी केली. वेळ सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान. चालायला पाऊण तास लागतो, म्हणजे रविवारच्या अंघोळीच्या रांगेत जातो त्यापेक्षा कमी.

यात एक बारकावा आहे, तो सगळ्यात महत्त्वाचा. चालून आलो आणि एकही फुलपाखरू दिसलं नाही, तर वहीत शून्य लिहायचं. चाललोच नाही, तर रकाना कोरा ठेवायचा. विद्यार्थी गैरहजर असणं वेगळं आणि वर्गच न भरणं वेगळं. शून्य आणि कोरा रकाना यांची गल्लत केली की वर्षाची सरासरी पार बिघडते.

दिशा कशी ओळखायची?

वाटेवरच्या मोजणीने संख्या कळते, प्रवास कळत नाही. भटकणं आणि निघणं यात फरक आहे. भटकणारं फुलपाखरू या फुलावरून त्या फुलावर, मागे-पुढे, वर-खाली करतं. निघालेलं फुलपाखरू फुलाकडे बघत नाही, भिंत आली तर वळसा घालण्याऐवजी वरून जातं आणि परत तीच दिशा पकडतं.

यासाठी आम्ही ग्राउंडवर उत्तर-दक्षिण रेषेत वीस मीटर अंतरावर दोन रेंजिंग रॉड उभे केले. झालं फाटक तयार! रेषेची दिशा प्रिझमॅटिक कंपासने पक्की केली. (सेकंड इयरला तो कंपास फक्त लोकल ॲट्रॅक्शनची गणितं सोडवायला वापरला होता. त्याला बाहेर सूर्यप्रकाशही लागतो, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.) मग पंधरा मिनिटं उभं राहून पश्चिमेकडून पूर्वेकडे किती गेली आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे किती, एवढंच मोजायचं.

आता एम-थ्री, एम-फोरमधलं थोडं कामाला आणू. समजा, 12 फुलपाखरं फाटकातून गेली. 8 पूर्वेकडे आणि 4 पश्चिमेकडे. दुप्पट! म्हणजे स्थलांतर? थांबा. दिशा निव्वळ योगायोगाची असती तर दोन्हीकडे 6-6 अपेक्षित. प्रमाण विचलन म्हणजे 12 गुणिले अर्धा गुणिले अर्धा याचं वर्गमूळ, सुमारे 1.73. आपला फरक 2 चा, म्हणजे जेमतेम 1.15 सिग्मा. नाणं बारा वेळा उडवलं तरी असं सर्रास होतं. आता समजा, 40 गेली, 32 पूर्वेकडे आणि 8 पश्चिमेकडे. अपेक्षित 20, विचलन 3.16, फरक 12, म्हणजे जवळजवळ 3.8 सिग्मा. इथे मात्र योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

तरी लगेच पेढे वाटू नयेत. या गणितात प्रत्येक फुलपाखरू स्वतंत्र धरलं आहे. एकमेकांचा पाठलाग करत गेलेली चार फुलपाखरं म्हणजे चार स्वतंत्र नोंदी नव्हेत. जोराचा वारा असेल तर सगळीच एका दिशेला ढकलली जातात. म्हणून वाऱ्याची दिशा लिहायची, वेगवेगळ्या दिवशी मोजायचं आणि शेजारच्या कॉलेजच्या पोरांनीही त्याच सकाळी मोजलं तर फारच उत्तम.

आणखी एक हिशेब. समजा, फुलपाखरू सेकंदाला 3 मीटर वेगाने एका दिशेत उडतंय. तासाला सुमारे 11 किलोमीटर झाले. उन्हाचे चार तास धरले तर दिवसाला चाळीसच्या वर. वसईपासून माळशेज घाट सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर. म्हणजे ज्या जिवाला आपण नाजूक म्हणतो तो अडीच दिवसांत सह्याद्रीच्या रेषेवर पोचू शकतो, तेही एस.टी.च्या पासशिवाय!

बाहेरच्या देशांत हाच प्रकार किती मोठा आहे ते ऐका. पेंटेड लेडी हे फुलपाखरू आपल्याकडेही दिसतं. 2009 साली ब्रिटनमध्ये त्याची प्रचंड लाट आली. वसंतात सुमारे 1 कोटी 10 लाख आली आणि शरदात 2 कोटी 60 लाख परतली, असा अंदाज निघाला. ती परत जातात हेच आधी कोणाला ठाऊक नव्हतं, कारण परतीचा प्रवास जमिनीपासून सरासरी पाचशे मीटरवरून होतो, डोळ्यांना दिसतच नाही. ते पकडलं सरळ वर बघणाऱ्या रडारने. 2017 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या हवामान रडारवर शंभर किलोमीटरहून रुंद एक पट्टा सरकताना दिसला. आधी पक्षी वाटले, निघाली पेंटेड लेडी! आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की याच जातीची काही फुलपाखरं पश्चिम आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली होती. अंतर सुमारे 4200 किलोमीटर. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांनो, फायनल इयर प्रोजेक्टसाठी लाइन फॉलोअर रोबोटच्या पलीकडेही विषय आहेत, हे या निमित्ताने सुचवतो.

माझी प्रॉक्सी

आता कबुली. आपल्याकडे जर्नलमधली रीडिंग कशी 'येतात' हे सगळ्यांना माहीत आहे. ग्राफ आधी काढायचा आणि पॉइंट्स नंतर बसवायचे. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मी उठलोच नाही. शनिवारी रात्री सबमिशन होतं. दुपारी जाग आल्यावर वाटलं, मागच्या रविवारी अमुक होती, त्याच्या मागच्या रविवारी तमुक, म्हणजे आज साधारण मधलं काहीतरी असणार. इंटरपोलेशन आपल्याला येतंच. भरला रकाना. "ढग: एक अष्टमांश, वारा: मंद" असंही झोकात लिहिलं.

दोन आठवड्यांनी मेकॅनिकलवाला वही चाळत होता. म्हणाला, "अरे, त्या रविवारी सकाळी तर आपली इंटर-विंग मॅच पावसाने रद्द झाली होती. परतीचा पाऊस. ग्राउंडवर तळं झालं होतं." मी गप्प. त्याने वही मिटली आणि माझ्या हातात दिली. आणखी काहीच बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जर्नलमधलं खोटं रीडिंग कोणाचं काही बिघडवत नाही, असं आपण स्वतःला सांगतो, कारण त्या प्रयोगाचं उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. या वहीचं उत्तर कुठेच छापलेलं नाही. त्या नोंदीत जे असेल तेच उत्तर. परतीच्या पावसाने त्या दिवशी फुलपाखरांचं काय केलं हे मला कळू शकलं असतं, आणि मीच तिथे ऊन लिहून बसलो होतो. त्या ओळीवर मी एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "नोंद खोटी. चाललो नव्हतो." पान फाडलं नाही. पुढचा जो कोणी ही वही वापरेल त्याला कोणत्या रकान्यावर विश्वास ठेवायचा हे कळलं पाहिजे.

हे इतकं का महत्त्वाचं, ते मोनार्क फुलपाखराच्या गोष्टीवरून कळतं. उत्तर अमेरिकेतली मोनार्क हिवाळ्यात जातात कुठे, याचा शोध फ्रेड अर्कहार्ट या कॅनडाच्या प्राध्यापकाने आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी जवळजवळ चार दशकं घेतला. पंखांवर चिमुकली लेबलं चिकटवायची आणि हजारो सामान्य लोकांना "सापडलं तर कळवा" सांगायचं, ही त्यांची पद्धत. 1975 च्या जानेवारीत मेक्सिकोच्या डोंगरात ती जागा सापडली. तिथे फुलपाखरं एकेक मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी झाकलेलं जंगल हेक्टरमध्ये मोजतात. 1996-97 च्या हिवाळ्यात ते 18 हेक्टरच्या वर होतं. 2013-14 मध्ये 0.67 हेक्टर. 2023-24 मध्ये 0.9 आणि 2024-25 मध्ये 1.79. दरवर्षी कोणीतरी प्रामाणिकपणे मोजलं म्हणून ही घसरण दिसली. मोजलं नसतं तर "पूर्वी खूप असायची हो" एवढंच उरलं असतं. आपल्या वाड्यांतले आजोबा-आजी नेमकं हेच वाक्य बोलतात. ते खोटं बोलत नाहीत, पण त्यांच्या वाक्यावर कोणी रस्ता वळवत नाही.

सुरवंटाला जेवण, मग फुलपाखराला मध

आता संवर्धनाकडे वळू. फुलपाखरं हवीत म्हणून आम्ही हॉस्टेलसमोर झेंडू आणि नर्सरीतली रंगीत फुलझाडं लावली. फुलपाखरं आली, मध प्यायली, गेली. हॉटेलात कोणी राहायला जातं का? घर पाहिजे तर सुरवंटाचं झाड पाहिजे, आणि प्रत्येक जातीच्या सुरवंटाचं पान ठरलेलं असतं. आपल्या परिसरात सहज लावता येतील अशी काही:

लिंबू आणि कढीपत्ता: लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन.
लिंबूवर्गीय झाडं आणि जंगलातलं माकडलिंबू: ब्लू मॉरमॉन, म्हणजेच राणी पाकोळी. 2015 साली महाराष्ट्राने हिला राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं आपलं राज्य देशात पहिलं.
रुई: प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा. रुईच्या चिकातलं विष अंगात साठवून हा कडू होतो, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत.
हिरणदोडीचा वेल: ब्लू टायगर.
कण्हेर, वड, उंबर: हबशी.
बहावा: कॉमन एमिग्रंट.
आसुपालव, ज्याला आपण अशोक म्हणतो तो, आणि सोनचाफा: टेल्ड जे.
आंब्यावरचं बांडगूळ: कॉमन जेझेबेल, म्हणजे आपलं हळदीकुंकू.
टाकळा: पिवळी छोटी ग्रास यलो.
खुळखुळा आणि भुरुंडी: ही सुरवंटाच्या जेवणासाठी नव्हेत. टायगर आणि क्रो गटातले नर यांतून विशिष्ट अल्कलॉइड घेतात आणि त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध बनवतात. (थोडक्यात, डिओडरंट!)

ही यादी वाचून लक्षात येईल की निम्मी नावं आपण 'तण' म्हणून उपटतो ती आहेत. मेसच्या मागच्या लिंबावरून आमचं आणि मेसच्या काकांचं असंच वाजलं. काका पानांवरचे सुरवंट काढून टाकायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. दोनशे ताटांना लिंबू त्यांनाच पुरवायचं असतं. शेवटी तोडगा निघाला. नाल्याजवळ दोन लिंबाची रोपं फक्त सुरवंटांसाठी लावली. काका आता सुरवंट मारत नाहीत, पानासकट तोडून एका ताटलीत ठेवतात आणि मला हाक मारतात, "ए फुलपाखरू, तुझं पार्सल आलंय!" लहानपणी हे सुरवंट हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसतात, त्यामुळे ताटलीतल्या पार्सलवरून मेसमध्ये दोनदा गैरसमज झाले. ते इथे सांगत नाही.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सप्टेंबरच्या शेवटी कॅम्पसला पाहुणे येणार म्हणून वर्कशॉपमागची सगळी पडीक जागा एका दिवसात साफ झाली. टाकळा गेला, रुई गेली, भुरुंडी गेली. दिसायला जागा छान दिसत होती. पण नेमका तोच हंगाम अंडी, सुरवंट आणि कोष यांनी भरलेला. पुढच्या रविवारी त्या तुकड्यात बिबळ्या कडव्याच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. यात कोणाचा दोष शोधत नाही, कारण आम्ही कोणाला आधी सांगितलंच नव्हतं. यंदा आम्ही इस्टेट विभागाला रीतसर अर्ज दिला आहे. मागणी एवढीच: सगळं एकदम कापू नका. अर्धा भाग कापा, अर्धा डिसेंबरपर्यंत ठेवा. तोवर टाकळा स्वतःच वाळतो. नाल्याकाठची रुई तेवढी कायम ठेवा. खर्च शून्य, उलट अर्ध्या मजुरीची बचत.

काय करू नये तेही थोडक्यात. फुलपाखरू पकडून वहीत चिकटवू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि त्याच्या परिशिष्टांत फुलपाखरांच्याही जाती आहेत. अभयारण्यातून तर काहीच उचलायचं नाही, फोटो तेवढा न्यायचा. कीटकनाशकाची फवारणी फुलावर आणि कोवळ्या पानावर करू नये. ज्यांना तयार नमुना बघायचा असेल त्यांनी घोडबंदर रोडला ओवळा गावातली ओवळेकर वाडी बघून यावी. राजेंद्र ओवळेकर यांनी स्वतःच्या घरच्या जमिनीवर योग्य झाडं लावून ही बाग उभी केली. जाळी नाही, पिंजरा नाही. शंभराहून जास्त जातींची फुलपाखरं तिथे आपणहून येतात.

वही कोण घेणार?

2020 पासून देशभर सप्टेंबर हा फुलपाखरांचा महिना म्हणून पाळला जातो. ठिकठिकाणी लोक मोजणी करतात, फोटो टाकतात. चांगलंच आहे. पण महिनाभराची मोजणी आणि वर्षभराची हजेरी यात फरक आहे. स्थलांतर कळायचं तर जाण्याचा महिनाही बघावा लागतो आणि येण्याचाही, आणि मधले रिकामे महिनेही. एप्रिल-मे म्हणजे आपली पीएल आणि परीक्षा, तेव्हा कोणीच चालत नाही. माझ्या वहीत नेमका तोच भाग सगळ्यात विरळ आहे. थवे निघतात तेव्हा आम्ही नोट्सची झेरॉक्स काढत असतो!

दीड वर्षाच्या नोंदींवरून मी कोणताही निष्कर्ष काढणार नाही. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. निदान पाच पावसाळे हवेत, दहा असतील तर फारच बरं. मी जूनमध्ये इथून बाहेर पडतो. मेकॅनिकलवाल्याची प्लेसमेंट चेन्नईला झाली आहे. वही दोनशे पानी आहे, त्यातली चाळीस भरली आहेत, आणि एका पानावर रेघ मारलेली एक ओळ आहे, ती तशीच राहू द्यावी. वाटेचा नकाशा मागच्या पुठ्ठ्याला चिकटवला आहे. रेंजिंग रॉड सर्व्हे लॅबमधून सही करून मिळतात, सरांना माहीत आहे.

फर्स्ट इयर, सेकंड इयरमधलं कोणी तयार असेल तर रविवारी सकाळी नऊ वाजता हॉस्टेलच्या फाटकाशी यावं. मी पहिले चार रविवार बरोबर चालेन. स्टाफपैकी कोणी आलं तर आणखी चांगलं, कारण आपण चार वर्षांत निघून जातो, ते राहतात. अट एकच. ज्या रविवारी उठणार नाही, त्या रविवारी रकाना कोरा ठेवायचा.